टीव्हीवरच्या विनोदाने धर्मांधांची टिंगल करावी का?

उंटावरचा शहाणा (धागाकर्ता)
परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लेबनॉनच्या टीव्हीवरचं एक जुनं स्किट टाकलं. २०१४ चं, आयसिसचा दरारा होता तेव्हाचं. टॅक्सीत एक दाढीवाला कट्टर इसम बसतो. रेडिओ चालू असतो. "बंद कर, इस्लामच्या सुरुवातीच्या काळात हे नव्हतं." ड्रायव्हर निमूट बंद करतो. पुढे आणखी एकदोन गोष्टींवरून तेच. शेवटी ड्रायव्हर विचारतो, "त्या काळी टॅक्सी होती का?" "छे, मुळीच नाही!" "मग उतर खाली आणि उंटाची वाट बघ."

खो खो हसलो. मग वाटलं, हे आपल्याकडे कुठलं चॅनल दाखवेल? दाढी काढून टिळा लावा, नाहीतर गळ्यात क्रॉस अडकवा, कसंही करा. कोण दाखवेल? त्याच वर्षी जूनमध्ये मोसुल आयसिसच्या ताब्यात गेलं आणि काही महिन्यांत बगदादची सरकारी वाहिनी त्यांच्या खलिफाची नक्कल करणारी अख्खी मालिका दाखवत होती. युद्ध चालू असताना!

माझं मत: टिंगल व्हावी आणि जोरात व्हावी. तुम्हाला काय वाटतं? फक्त पक्षांची नावं घेऊ नका, धागा उडेल.

पेठेतली पाल
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पन्नास प्रतिसादांच्या आत कुलूप. पैज.

मामलेदार_मिसळ
आयडीत उंट, क्लिपमध्ये उंट. जाहिरात तर नाही ना ही?

खजूर_खाऊ
बरीच वर्षं सौदीतल्या दम्माममध्ये आहे म्हणून लिहितो. रमजानात इथे इफ्तारनंतर सगळं घर टीव्हीसमोर असतं, मालिकांचा खरा सीझन तोच. २०१५ च्या रमजानात एमबीसी चॅनलवर सौदी विनोदी नट नासर अल-कसबीची 'सेल्फी' ही मालिका लागली. त्यातल्या एका कथेत बाप सीरियात जातो, आयसिसमध्ये गेलेल्या पोराला परत आणायला. स्वतः जिहादी असल्याचं सोंग करतो, तिथे त्याची जी फजिती होते त्यावर आपण हसतो. मग हसू आटत जातं. शेवटी पोरगाच सुरा घेऊन बापाच्या मानेशी उभा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचा सौदी सुपरवायझर त्यावर बोलला, चहाच्या टेबलावर, चारचौघांत. एरवी हा माणूस हवामान आणि फुटबॉल सोडून तोंड उघडत नाही. लक्षात घ्या, त्याआधी मे महिन्यातच कतीफजवळच्या कुदैह गावातल्या आणि पाठोपाठ दम्मामच्या शिया मशिदीवर आयसिसने बॉम्बहल्ले केले होते. ज्याची टिंगल चालली होती तो दोन गल्ल्या सोडून असू शकत होता. कसबीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. त्या त्याला नव्या नव्हत्या म्हणा. १९९३ पासून तो 'ताश मा ताश' या विनोदी मालिकेत असल्याच खोड्या काढत आलेला, तेव्हा मौलवींनी फतवासुद्धा काढला होता.

माझ्या लेखी महत्त्वाचं हे की टिंगल घरातल्याने केली. हेच एखाद्या अमेरिकन चॅनलने केलं असतं तर तोच सुपरवायझर तोच चहा पीत भडकला असता.

सावळा गोंधळ
खजूरराव, वर्णन झकास, पण त्यात धाडस काय ते कळलं नाही. सौदी मालकीच्या चॅनलवर सौदी सरकारच्या शत्रूची टिंगल. इराकचंही तेच, सरकारी वाहिनीवर सरकारच्या वैऱ्याची. याला व्यंग म्हणायचं तर दिवाळीतल्या किल्ल्यावर अफजलखानाचा पुतळा ठेवणाऱ्या प्रत्येक पोराला पुरस्कार द्यावा लागेल.

खरी परीक्षा इजिप्तमध्ये झाली. बासेम युसुफ, पेशाने हृदयाचा सर्जन. क्रांतीनंतर यूट्यूबवर सुरुवात, तिथून टीव्ही. टीव्हीवरच्या धर्मगुरूंची आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, मुस्लिम ब्रदरहूडच्या मोर्सींची त्याने सालटी काढली. मार्च २०१३ मध्ये अटकेचं वॉरंट निघालं, इस्लामचा आणि राष्ट्राध्यक्षांचा अपमान केला म्हणून. चौकशी झाली, जामीन मिळाला, कार्यक्रम चालूच राहिला. जुलैत लष्कराने मोर्सींना हटवलं. ऑक्टोबरात युसुफ परत आला, लोकांच्या लष्करप्रेमाची जरा चेष्टा केली, की एका भागात वाहिनीने गाशा गुंडाळायला लावला. पुढच्या वर्षी दुसऱ्या वाहिनीवर गेला, जून २०१४ मध्ये तेही संपलं.

म्हणून 'कट्टरांवर विनोद करावा का' यापेक्षा, करायला परवानगी कोण देतंय ते आधी बघा.

खजूर_खाऊ
@सावळा गोंधळ, युसुफबद्दल १००% मान्य. पण आयसिसची धमकी ती धमकीच. राजा मर्जीतला आहे म्हणून समोरच्याचा सुरा बोथट होत नाही हो.

स्लाऊची सून
इकडचा, इंग्लंडचा नमुना. जानेवारी २०१७ मध्ये बीबीसी टूवर एक स्केच आलं, अमेरिकन 'हाउसवाइव्ह्ज' रिअ‍ॅलिटी शोच्या धर्तीवर आयसिसच्या बायका. बुरख्यातल्या बाया आत्मघाती जॅकेट मिरवतायत, दुसरीनेही तसंच घातलं म्हणून नाक मुरडतायत. फेसबुकवर धो धो हसणारे जितके, तितकेच संतापलेले. माझ्या ऑफिसातल्या दोन मुस्लिम मुलींचंच एकमत होईना. एक म्हणे, बरं झालं, या बावळटांना नायिका समजणं तरी थांबेल. दुसरी पूर्व लंडनची. तिच्या भागातल्या बेथनल ग्रीनमधून फेब्रुवारी २०१५ मध्ये तीन शाळकरी मुली सीरियाला पळाल्या होत्या, पंधरा-सोळा वर्षांच्या. तिचं म्हणणं, या पोरींना इंटरनेटवर भुलवून नेलं, आणि चॅनलला हसायला त्याच सापडल्या? भुलवणारा सोडून?

मला दुसरीचं जास्त पटलं. पण खरं सांगते, स्केच बघताना मीही हसले होते.

डेकवरून
मर्चंट नेव्हीतला माणूस आहे, एक खरा किस्सा. जानेवारी २००० मध्ये एडनच्या बंदरात अल-कायदाने अमेरिकन युद्धनौका 'द सलिव्हन्स' उडवायचा बेत केला होता. छोट्या बोटीत स्फोटकं भरली. इतकी भरली की बोट युद्धनौकेपर्यंत पोचण्याआधीच बुडाली. आमच्या कोळ्यांच्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, बाबा एवढं भरू नकोस. हे स्किट कुणी लिहायचीसुद्धा गरज नाही.

मामलेदार_मिसळ
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!!! यांना आपल्या रेवसच्या लाँचवर महिनाभर कामाला ठेवायला हवं होतं.

अनुस्वार
@डेकवरून, पुढचा भाग सांगायचा राहिला. बोट आणि स्फोटकं त्यांनी परत वर काढली. ऑक्टोबरमध्ये त्याच बंदरात 'कोल' या युद्धनौकेवर हल्ला झाला आणि १७ नौसैनिक गेले.

मी टिंगलीच्या विरोधात नाही. पण 'हे लोक मूर्ख आहेत' एवढंच सांगणारा विनोद आपल्याला गाफील करतो. मूर्ख माणूसही दुसऱ्यांदा नीट मोजून भरतो.

डेकवरून
निःशब्द. बरोबर आहे तुमचं.

टाळकुटे
महाराष्ट्रात हे नवीन आहे असं कुणी समजू नये. नाथांचं भारूड ऐका: "सत्वर पाव गे मला । भवानीआई रोडगा वाहीन तुला ॥ सासरा माझा गावी गेला । तिकडेच खपवी त्याला ॥" देवळासमोर, टाळ-मृदंगात, देवीच्याच नावाने नवस करणाऱ्यांची खिल्ली. आमच्या दिंडीत अजून होतं हे. सोंग घेणारा गडी नऊवारी नेसून येतो, समोर बसलेल्या सासवा पदर तोंडाला लावून हसतात, आणि त्याच बाया दुसऱ्या दिवशी नवस फेडायला जातात. कुणाच्या भावना दुखावत नाहीत. तमाशाच्या गवळणीतली मावशी तर खुद्द कृष्णाची फिरकी घेते.

पेठेतली पाल
+१ टाळकुटे. वर अत्र्यांचं 'बुवा तेथे बाया'. पण माऊली, नाथांना तरी कुठे सुखाने जगू दिलं पैठणकरांनी.

अनुस्वार
टाळकुटे, भारूड मलाही प्रिय, पण गल्लत होतेय. नवस करणारी बाई भोळी आहे. मठ काढणारा भोंदू आहे. कट्टर ही तिसरीच जात. भोंदूला पक्कं ठाऊक असतं की तो थापा मारतोय, म्हणून पडदा फाटला की तो पळतो. कट्टराची स्वतःवर श्रद्धा असते. त्याच्यावर हसलात तर तो पळत नाही, पत्ता शोधत येतो. आपल्या विनोदाला भोळ्यांची आणि भोंदूंची सवय आहे. तिसऱ्याला हात घालायला आपण कधी शिकलोच नाही.

कायद्याचं बोला
भोंदूवर हसणं सुरक्षित आहे हा गैरसमज आधी काढतो. डिसेंबर २०१५ मध्ये कीकू शारदाने एका हिंदी चॅनलवर गुरमीत राम रहीमची नक्कल केली. जानेवारीत हरियाणा पोलिसांनी त्याला मुंबईतून उचलून कैथलला नेलं. गुन्हा कुठला? भारतीय दंड विधान २९५ अ, धार्मिक भावना दुखावणे. जामीन मिळाला, माफी तर त्याने आधीच मागितली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच राम रहीमला पंचकुलाच्या सीबीआय न्यायालयाने बलात्काराच्या खटल्यांत दोषी धरलं, वीस वर्षांची शिक्षा झाली. विनोदी कलाकार आत आधी गेला, बाबा नंतर.

२९५ अ हे कलम १९२७ सालचं, लाहोरातल्या एका पुस्तिकेवरून पेटलेल्या वादानंतर आलेलं. आता न्याय संहितेत ते २९९ झालंय. तीन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र. १९५७ साली सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवताना सांगितलं की जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमानच यात येतो. म्हणजे अखेरीस तुम्ही बहुधा सुटाल. पण तक्रार देशातल्या कुठल्याही ठाण्यात होऊ शकते, आणि तारखेला तुम्हालाच जायचंय. त्यातून टीव्हीला केबल नियमावली वेगळी: नियम ६ नुसार धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला, धार्मिक गटांबद्दल तुच्छता असं काही दाखवता येत नाही. कट्टर गटसुद्धा 'धार्मिक गट'च की!

मामलेदार_मिसळ
वकीलसाहेब, हा प्रतिसाद वाचल्याची फी किती?

स्लाऊची सून
@कायद्याचं बोला, इथे याच मुद्द्यावर गंमत झाली होती. धार्मिक द्वेषाविरुद्धचा कायदा येत होता, तेव्हा रोवन अ‍ॅटकिन्सन (आपला मिस्टर बीन हो) विरोधात उभा राहिला. धर्माची चेष्टा करायची मुभा हवी, म्हणून. ३१ जानेवारी २००६ ला सरकार त्यावरचं मतदान एका मताने हरलं, २८३ विरुद्ध २८२. आणि पंतप्रधान ब्लेअर स्वतः मतदानाआधी घरी निघून गेले होते! शेवटी कायद्यात लिहिलं गेलं की टिंगल, नावड, उपहास यावर या कायद्याने बंदी येणार नाही.

आईची_शाळा
लहान मुलांच्या कार्टूनने जे जमवलं ते कुणी बोलत नाही. पाकिस्तानात २०१३ मध्ये 'बुरका अ‍ॅव्हेंजर' आलं. जिया नावाची शिक्षिका, तिची मुलींची शाळा बंद पाडायला बाबा बंदूक नावाचा बुवा येतो, आणि ही बुरखा चढवून त्याला वह्या-पेनं फेकून मारते. आदल्या वर्षी मलालावर गोळी झाडलेली. माझा मुलगा यूट्यूबवर बघून बाबा बंदूकची नक्कल करत घरभर फिरायचा. उर्दू कळत नव्हतं, बाबा बंदूक मात्र कळला.

ठाणेकर_जुना
सगळे लेबनॉन, लंडनला फिरून आले, मी राम मारुती रोडवरूनच बोलतो. ४ जून २००८, गडकरी रंगायतन. नाटक 'आम्ही पाचपुते', महाभारतावरची संतोष पवारांची धमाल. नाट्यगृहाच्या पार्किंगमध्ये बॉम्ब फुटला, सात जण जखमी. त्याआधी थोडेच दिवस वाशीच्या भावे नाट्यगृहात असाच बॉम्ब सापडला होता. २०११ मध्ये न्यायालयाने दोघांना दोषी धरून दहा वर्षांची सजा दिली. हे नाटक कट्टरांवर नव्हतंच. नुसतं देवादिकांना मराठी बोलीत नाचवलं होतं.

पुढे कितीतरी दिवस गडकरीला पिशव्या तपासून आत सोडायचे. आमच्या आईच्या पर्समधला चिवड्याचा डबा उघडून बघितला होता. ती म्हणाली, "अहो, खाऊन बघा, त्याने स्फोट व्हायचा तर पोटात होईल."

पेठेतली पाल
आई जिंदाबाद.

तात्पुरता_आयडी
सगळे पुरोगामी गोळा झालेले दिसतात. एकाच धर्माची टिंगल करायची हिंमत आहे तुमच्यात. दुसऱ्यांची करून दाखवा मग बोलू.

सावळा गोंधळ
@तात्पुरता_आयडी, वरचे प्रतिसाद वाचलेत का? दहापैकी सात उदाहरणं 'दुसऱ्यांची'च आहेत. डुप्लिकेट आयडी काढताना चष्माही काढून ठेवला वाटतं.

प्रशासक
व्यक्तिगत शेरेबाजी नको. धागा सध्या चालू ठेवत आहोत.

खाडीपलीकडची
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. माहेर दापोली, सासर मुंब्रा, मुसलमान, बोलते कोकणी मराठी. आमच्या घरात कट्टरांवर जेवढे विनोद होतात तेवढे तुमच्या हास्यकार्यक्रमात होत नसतील. आमचे एक चुलते आखातातून परत आले आणि लग्नातली गाणी हराम ठरवत सुटले. माझ्या आत्याने त्यांना मांडवातच विचारलं, "तुझ्या लग्नात हळदीला बायका रात्रभर गात होत्या, मग तो निकाह मोडला समजायचा का? तसं असेल तर वहिनीला माहेरी पाठवते." अख्खा मांडव हसला. चुलते आता मुकाट्याने गाणी ऐकतात.

पण टीव्हीवर जेव्हा 'कट्टर मुसलमान' येतो तेव्हा तो आमचा चुलता नसतो. डोळ्यांत सुरमा, जाळीची टोपी, "जनाब, जनाब" करत बोलणारा कुणीतरी. आमच्या गल्लीत असं कुणी बोलत नाही. तो बघून हसणारा माणूस कट्टरांवर हसत नाही, माझ्या नवऱ्याच्या टोपीवर हसतो. चॅनलवाल्यांना फरक कळत नाही, किंवा कळतो आणि चालतो.

आणि घरातल्याने केलं की सगळं ठीक, हेही तितकंसं खरं नाही. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' या व्यंग-साप्ताहिकावरच्या हल्ल्यानंतर मुंबईच्या एका उर्दू पेपरच्या संपादिकेने त्या साप्ताहिकाचं, पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. तिने माफी मागितली तरी ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले, मुंब्रा पोलिसांनी अटक केली, पेपर बंद पडला. तीही घरातलीच होती. तिच्या बाजूने बोलणारे आमच्यात होते, पण स्वयंपाकघरात.

खजूर_खाऊ
@खाडीपलीकडची, तुमच्या प्रतिसादापुढे माझं 'घरातल्याने केलं' जरा भाबडं वाटायला लागलंय.

टाळकुटे
ताई, आत्याबाईंना आमचा दंडवत सांगा. भारूड करतील का?

विंगेतून
नाव-गाव सांगणार नाही, पण मराठी चॅनल्ससाठी स्किटं लिहून पोट भरतो. आतून कसं चालतं ते सांगतो.

स्किट लिहिलं की ते एसएनपीकडे जातं, म्हणजे चॅनलचे आक्षेप काढणारे लोक. गेल्या वर्षी मी एक संस्कृतिरक्षक लिहिला होता. सोसायटीत कुणी काय शिजवायचं, कुणी काय घालायचं हे ठरवणारा. पहिला शेरा: उपरण्याचा रंग बदला. जांभळं केलं. दुसरा शेरा: कपाळाला काही नको. काढलं. तिसरा: 'संस्कृती' हा शब्द तीन वेळा आलाय, एकदाच ठेवा. चौथा: हा माणूस शेवटी चांगला निघतो असं करा. टेपिंगपर्यंत तो 'शिस्तप्रिय शेजारी' झाला होता आणि शेवटी सगळ्यांना मिठी मारत होता. प्रेक्षक हसले, कारण नटाने साडी नेसली होती. पुरुषाला साडी नेसवली की एसएनपीला काही प्रॉब्लेम नसतो.

चॅनलवाले वाईट आहेत असं नाही. मोर्चा आला तर काच त्यांची फुटते, जाहिरातदार पळाला तर नोकरी त्यांची जाते. पण म्हणूनच टीव्हीवर हे होणार नाही. झालं तर फोनवरच्या रीळमध्ये होईल, जिथे फोडायला काच नसते. माणूस असतो, तो भाग वेगळा.

उंटावरचा शहाणा
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? विंगेतून, इथे एसएनपी नाही. माझा प्रयत्न बघा:

संस्कृतिरक्षक वडापावच्या गाडीवर. "पाव नको, परदेशी आहे, पोर्तुगीजांनी आणला." वडेवाला पाव काढतो. "आणि बटाटा?" विचारतो वडेवालाच, "तोही त्यांनीच आणला म्हणतात." रक्षक चपापतो. "काढ!" "मिरची पण साहेब." "...काढ." "बाहेरून आलेलं सगळं काढलं. हे घ्या बेसन." आणि कागदात नुसता चुरा बांधून देतो. "किती झाले?" "पूर्ण वडापावचे. काढायची मजुरी लागते."

मामलेदार_मिसळ
'काढायची मजुरी लागते' 😂 याला मारतील पण हसून मारतील.

अनुस्वार
हे आवडलं. रक्षकाच्याच नियमाने रक्षक उपाशी. त्याच्या देवाला कुणी हात लावला नाही, त्याला मूर्खही म्हटलं नाही.

आईची_शाळा
चहा राहिला. आपल्याला रोजच्या चहाची सवय इंग्रजांनी लावली. चहा काढला तर रक्षक स्वतःहून शरण येईल.

विंगेतून
छान आहे. एसएनपीचा शेरा आत्ताच सांगतो: रक्षकाच्या जागी 'डाएट करणारे भाऊजी' करा.

खाडीपलीकडची
भाऊजी नको, रक्षकच ठेवा. आणि जोडीला आमच्या चुलत्यांचं लग्नातलं मी लिहून देते. दोन्ही स्किटं एकाच भागात, पाठोपाठ दाखवा, म्हणजे कुणाला एकालाच हसता येणार नाही. फक्त लेखक म्हणून विंगेतून यांचं नाव टाका.

विंगेतून
माझं नाव? ताई, मला अजून घराचे हप्ते फेडायचेत. धागाकर्त्याचं टाकू.

उंटावरचा शहाणा
सहलेखकाचं नाव तात्पुरता_आयडी असणार असेल तर मी तयार आहे.